लिंक पाठवण्याआधी: मोफत साइट, सॉफ्टवेअर आणि व्हिडिओ मित्रांपर्यंत नीट कसे पोचवावेत

इंटरनेटवर काही चांगलं सापडलं की ते कुणाला तरी दाखवावंसं वाटतं. मला ही ऊर्मी फार मोलाची वाटते. मी रोज वापरते त्यातली बरीचशी साधनं कुणीतरी "हे बघ, तुला उपयोगी पडेल" असं म्हणून सांगितल्यामुळेच माझ्यापर्यंत आली. त्याच मित्रमंडळींनी पाठवलेल्या कितीतरी लिंका मात्र मी कधी उघडल्याच नाहीत. उघडल्या त्या कुणीतरी मला नजरेसमोर ठेवून पाठवलेल्या होत्या. उरलेल्या एकदम तीसजणांना गेल्या होत्या आणि त्या तिसांत मीही होते, एवढंच.

म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या तुम्ही एकाच माणसाला लिंक पाठवताय असं धरून लिहिल्या आहेत. ग्रुपवर टाकायची असली तरी तिथला कुणीतरी एक डोळ्यांपुढे आणा आणि त्याच्यासाठी लिहा.

पायरी १: आधी स्वतः वापरा

वेबसाइट असेल तर तिच्यावर एखादं खरं काम पुरं करून बघा. पहिलं पान देखणं असण्यावर जाऊ नका. काही साइटी सगळं काम करू देतात आणि शेवटी 'डाउनलोड' दाबलं की ईमेल पत्ता किंवा कार्डाचा नंबर मागतात. तुमच्या मित्राला हे अर्ध्या तासाच्या मेहनतीनंतर कळण्यापेक्षा तुम्हाला आधी कळलेलं बरं. सॉफ्टवेअर निदान आठवडाभर वापरा. व्हिडिओ शेवटपर्यंत बघा. पहिली दोन मिनिटं गोड आणि शेवटी भलतंच काहीतरी, असं पुष्कळदा होतं.

हा नियम मी एकदा मोडला. एका मैत्रिणीला चार पीडीएफ जोडून एक करायची होती आणि तिला घाई होती. शोधयादीत सगळ्यात वर आलेला प्रोग्रॅम मी न वापरताच सुचवला. पीडीएफ जोडली गेली, पण सोबत तिच्या ब्राउझरचं पहिलं पान बदललं, शोधयंत्र बदललं आणि जाहिरातींच्या खिडक्या उघडायला लागल्या. शोधयादीतली वरची जागा अनेकदा पैसे देऊन घेतलेली असते आणि तिथे लहान अक्षरांत 'प्रायोजित' असं लिहिलेलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी त्या दिवशी मी पाहिलं नाही. ते निस्तरलं कसं, ते शेवटी सांगते.

पायरी २: 'फुकट' म्हणजे नक्की काय, ते ओळखा

या पायरीवर घाई करू नका, कारण 'फुकट' या एका शब्दाखाली चार-पाच वेगवेगळे व्यवहार दडलेले असतात.

पहिला प्रकार मुक्त सॉफ्टवेअरचा. अमेरिकन प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू या मुक्त संगणकप्रणालीच्या प्रकल्पाची घोषणा केली, तिथून ही चळवळ उभी राहिली. प्रोग्रॅम कोणत्याही कामासाठी वापरायची, तो कसा चालतो हे बघून बदलायची, त्याच्या प्रती वाटायची आणि बदललेली प्रतही वाटायची मोकळीक, असा तिचा गाभा आहे. अशा सॉफ्टवेअरसाठी 'ओपन सोर्स', म्हणजे 'मुक्त स्रोत', हे नाव नंतर, १९९८ मध्ये रूढ झालं. आपल्या कामापुरता अर्थ असा, की अशा सॉफ्टवेअरची प्रत मित्राला दिली तर तुम्ही कुणाचं काही चोरत नाही. वाटण्याची परवानगी परवान्यातच लिहिलेली असते. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरची गोष्ट मला या बाबतीत नेहमी आठवते. ते बनवणारी कंपनी बंद पडल्यावर, २००२ मध्ये, ते वापरणाऱ्या लोकांनीच सात आठवड्यांत १ लाख युरो जमवले, त्याचा स्रोत, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ लिहिलेला मजकूर, मोकळा करून घेतला आणि आज ते कुणीही डाउनलोड करू शकतो.

दुसरा प्रकार फ्रीवेअरचा. पैसे पडत नाहीत, पण स्रोत बंद असतो आणि अटी मालकाच्या. यात सगळ्यात जास्त नजरेतून सुटणारी अट म्हणजे 'फक्त वैयक्तिक वापरासाठी'. मित्र ते ऑफिसात वापरणार असेल, तर त्याच्यासाठी ते फुकट नाही. हे तुम्ही सांगितलं नाहीत तर त्याला कुणीच सांगणार नाही.

तिसरा प्रकार चाचणी प्रतीचा: चौदा किंवा तीस दिवस सगळं खुलं, मग कुलूप. चौथ्यात मूळ वापर कायम फुकट असतो, पण महिन्याला अमुक इतक्याच फायली किंवा चित्रावर त्यांचा शिक्का. हे दोन्ही प्रकार वाईट नाहीत. फक्त मेसेजमध्ये 'एकदम फ्री' असं न लिहिता मर्यादा लिहा. आणि कार्डाचा नंबर आधीच मागणारी चाचणी असेल, तर रद्द करायची तारीखही लिहा.

पाचवा प्रकार असा, की पैशाऐवजी जाहिराती आणि तुमची माहिती घेतली जाते. तो ओळखायला एक प्रश्न पुरतो: याचा खर्च कोण उचलतं? विकिपीडियाच्या बाबतीत उत्तर सरळ आहे, लोकांच्या देणग्या. उत्तर सापडतच नसेल तर ती गोष्ट मी पुढे पाठवत नाही. साध्या टॉर्चच्या अ‍ॅपला संपर्कयादीची परवानगी कशाला हवी, याचं उत्तरही असंच शोधून मिळत नाही.

क्रॅक केलेलं, चोरीचं सॉफ्टवेअर यात येतच नाही. कायद्याचा मुद्दा आहेच, पण कुलूप फोडण्यासाठी सोबत दिलेली ती छोटीशी फाइल बहुतेकदा अँटिव्हायरस बंद करायला सांगते. आपल्या माणसाला आपणच दार उघडं ठेवायला सांगायचं, हे मला पटत नाही.

पायरी ३: पत्ता वाचायला शिका

हे एकदा जमलं की जन्मभर उपयोगी पडतं, आणि शिकायला पाच मिनिटं लागतात. पत्त्यात सुरुवातीच्या दोन तिरप्या रेषा सोडल्या की पुढची पहिली तिरपी रेघ शोधा. तिच्या आधीचा भाग उजवीकडून डावीकडे वाचा. खरं घर तिथे, उजव्या टोकाला असतं. समजा पत्ता 'विकिपीडिया डॉट अमुकतमुक डॉट कॉम' असा आहे. ही साइट विकिपीडियाची नाही. ती अमुकतमुक कॉमची आहे आणि डावीकडे विकिपीडियाचं नाव नुसतं टांगलेलं आहे. डावीकडे कुणीही काहीही टांगू शकतं.

अक्षरंही नीट बघा. इंग्रजी 'आर' आणि 'एन' शेजारी लिहिले की लहान पडद्यावर 'एम' दिसतो. लहान 'एल'च्या जागी आकडा १ घालणं, हीही जुनीच चलाखी.

ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका. त्याचा अर्थ एवढाच, की तुमच्यात आणि त्या साइटमध्ये होणारं बोलणं मधल्या कुणाला वाचता येत नाही. समोरचा प्रामाणिक आहे, असं ते कुलूप सांगत नाही. लोक नेमका हाच गैरसमज करून घेत होते, म्हणून क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये ते चिन्ह काढून तिथे वेगळं चिन्ह आणलं. मेसेजमध्ये लिंकखाली दिसणारं चित्र आणि शीर्षकही पुरावा नव्हे. ते त्या साइटने स्वतःच पुरवलेलं असतं.

सॉफ्टवेअरची लिंक द्यायची तर ते बनवणाऱ्यांच्या मूळ पानाचीच द्या. व्हीएलसी प्लेअरचं उदाहरण घ्या. १९९६ मध्ये फ्रान्सच्या एकोल सॉन्त्राल पारी या संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून तो सुरू झाला, २००१ मध्ये मुक्त परवान्याखाली आला, आणि त्याचं खरं घर 'व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग' आहे. पत्त्यात 'व्हीएलसी' हे नावच नाही! नवखा माणूस साहजिकच 'व्हीएलसी' नाव असलेल्या भलत्याच पानावर जातो आणि तिथलं मोठं हिरवं बटण दाबतो. मूळ पान शोधायचा माझा खात्रीचा मार्ग असा: विकिपीडियावर त्या सॉफ्टवेअरचा लेख उघडायचा आणि उजवीकडच्या चौकटीत दिलेल्या अधिकृत संकेतस्थळावरून जायचं. फोनसाठी असेल तर अधिकृत अ‍ॅप स्टोअरची लिंक द्या. मेसेजमधून एपीके फाइल (अँड्रॉइड अ‍ॅप इन्स्टॉल करायची फाइल) पाठवू नका, तुमच्याकडे ती व्यवस्थित चालत असली तरी.

शंका राहिलीच तर व्हायरसटोटल या साइटवर लिंक किंवा फाइल तपासता येते. २००४ पासून चालू असलेली ही सेवा एकाच वेळी अनेक अँटिव्हायरसचं मत घेते. पण स्वतःची खासगी कागदपत्रं तिथे चढवू नका. चढवलेल्या फायली सुरक्षा क्षेत्रातल्या इतरांनाही बघायला मिळतात.

पायरी ४: लिंक झाडून-पुसून घ्या

कॉपी केलेल्या पत्त्याच्या शेवटी बऱ्याचदा लांबलचक शेपूट असतं. 'यूटीएम', 'एफबीक्लिड' किंवा यूट्यूबच्या बाबतीत 'एसआय' अशी अक्षरं दिसली, तर ती लिंक कुठून कुठे गेली याचा माग काढण्यासाठी आहेत. ती खोडली तरी पान उघडतं. खोडल्यावर नव्या टॅबमध्ये एकदा उघडून बघा.

सरसकट प्रश्नचिन्हापासून पुढचं सगळं मात्र उडवू नका. यूट्यूबच्या लांब पत्त्यात व्हिडिओची ११ अक्षरी ओळख प्रश्नचिन्हानंतरच येते. ती गेली की व्हिडिओ गेला. 'शेअर' दाबून मिळणाऱ्या छोट्या पत्त्यात ती ओळख प्रश्नचिन्हाच्या आधी असते, म्हणून तिथे पुढचं काढता येतं.

तुमच्या खात्यात लॉगिन असताना उघडलेल्या पानाची लिंक पाठवायची असेल, तर ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडून खात्री करा. समोरच्याला 'परवानगी नाही' असं दिसणार असेल तर ते इथेच कळतं.

पायरी ५: दोन ओळी स्वतःच्या लिहा

माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि लोक हीच गाळतात. नुसती लिंक आली की वाचणाऱ्याला ती उघडावी की नाही हे स्वतःच ठरवावं लागतं, आणि दमलेला माणूस 'नंतर' असंच ठरवतो. काय आहे, तुलाच का पाठवतेय, किती वेळ लागेल आणि खोच काय, एवढं लिहा. मी असं लिहिते:

"तू मुलाखतींच्या रेकॉर्डिंगमधली खरखर कशी काढायची म्हणत होतास ना? ऑडॅसिटी वापरून बघ. कायम फुकट, मुक्त स्रोत, विंडोज-मॅक-लिनक्स तिन्हीवर चालतं. 'नॉइज रिडक्शन' नावाचा पर्याय 'इफेक्ट' मेनूत आहे. आधी फक्त खरखर असलेला तुकडा निवडून तिचा नमुना द्यायचा, मग पूर्ण फाइलला लावायचं. पहिल्यांदा गोंधळ होईल, मला फोन कर."

त्याची अडचण त्याच्याच शब्दांत पहिल्या ओळीत आहे. 'अप्रतिम', 'जबरदस्त', 'नक्की बघा' यातलं काही नाही. अशा शब्दांनी कुणी लिंक उघडत नाही, कारण प्रत्येक फॉरवर्डला तेच चिकटलेले असतात.

साइटवर फाइल चढवावी लागत असेल तर तेही लिहा. फोटो लहान करणाऱ्या किंवा फाइलचा प्रकार बदलणाऱ्या बऱ्याच साइटी तुमची फाइल आधी त्यांच्या संगणकावर घेतात. सहलीच्या फोटोंसाठी चालेल, ओळखपत्रासाठी नाही.

पायरी ६: व्हिडिओचं थोडं वेगळं असतं

उपयोगी व्हिडिओ असेल तर नेमकी जागा दाखवा. पंचेचाळीस मिनिटांच्या व्याख्यानातलं तुम्हाला भावलेलं वाक्य एकविसाव्या मिनिटाला असेल, तर यूट्यूबच्या 'शेअर' चौकटीतली 'इथून सुरू करा' ही खूण वापरा. किंवा पत्त्याच्या शेवटी 'टी' अक्षर, बरोबरचं चिन्ह आणि सेकंद घाला. आधी प्रश्नचिन्ह असेल तर जोडायला 'अँड'चं चिन्ह (&), नसेल तर प्रश्नचिन्ह. २१ मिनिटं म्हणजे १२६० सेकंद. पत्त्यात हे सगळं इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत टाकायचं.

गमतीचा व्हिडिओ असेल तर गंमत आधी सांगू नका. "मांजर शेवटी पाण्यात पडते" असं लिहून पाठवलेल्या व्हिडिओत बघायला काय उरलं? त्याऐवजी लांबी सांगा, आवाज लागतो का ते सांगा, भाषा वेगळी असेल तर सबटायटल आहेत का ते सांगा. मन हलकं करणारा व्हिडिओ लांब असायची गरज नाही. यूट्यूबवरचा अगदी पहिला व्हिडिओ, २३ एप्रिल २००५ चा, प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभ्या असलेल्या तरुणाचा आहे आणि तो जेमतेम १९ सेकंदांचा आहे.

फाइल डाउनलोड करून पाठवण्यापेक्षा लिंक पाठवा. ज्याने तो बनवला त्याचं नाव लिंकसोबत जातं, खाली त्याने घातलेल्या दुरुस्त्या दिसतात, आणि मित्राच्या फोनची जागाही भरत नाही. हातोहात फिरणाऱ्या फाइलमधून बनवणाऱ्याचं नाव सगळ्यात आधी गळतं. कित्येक सुंदर व्हिडिओ आज असे बेवारशी फिरताना दिसतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. नाव शोधायला दोन मिनिटं लागली तर ती द्या.

मेसेजवर दोन बाणांची खूण असेल, तर तो मेसेज निदान पाच हातांतून फिरत आला आहे. अफवांमुळे माणसांचे जीव गेल्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, ती २०१९ मध्ये जगभर लागू केली, आणि एप्रिल २०२० पासून दोन बाणांचे मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातात. त्या बाणांपाशी थांबा. दंगल, अपघात, औषध असा विषय असेल तर व्हिडिओतलं एक दृश्य स्क्रीनशॉट करून गूगल लेन्समध्ये, म्हणजे चित्रावरून शोध घेणाऱ्या साधनात, टाका. तेच दृश्य कित्येक वर्षांपूर्वीचं आणि दुसऱ्याच देशातलं निघू शकतं.

वेगाने लुकलुकणाऱ्या प्रकाशाचा व्हिडिओ असेल तर तसं आधी लिहाच. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी दूरचित्रवाणीवरच्या एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या लुकलुकाटामुळे ६०० हून अधिक प्रेक्षकांना, त्यात बहुतेक मुलं, रुग्णालयात न्यावं लागलं होतं. मित्राला फिट्सचा त्रास आहे की नाही, हे आपल्याला माहीत असतंच असं नाही.

पायरी ७: कुठे आणि किती

कामाच्या ग्रुपवर गमतीचं नको, आजारी माणसाच्या चौकशीच्या ग्रुपवर काहीच नको. एका दिवशी एका माणसाला एक. यापलीकडे यात फार काही नाही.

पायरी ८: स्वतःची यादी ठेवा

मित्र विचारतो तेव्हा लिंक हाताशी नसते, आणि हाताशी असते तेव्हा कुणी विचारत नाही. म्हणून एक साधी फाइल करा: नाव, मूळ पत्ता, कशासाठी, कोणत्या अर्थाने फुकट, शेवटची कधी तपासली. सुरुवातीला भरायला ही घ्या. कागदपत्रं आणि तक्ते यांसाठी लिबरऑफिस, जे २०१० मध्ये ओपनऑफिसमधून वेगळं झालं. फोटोंवर काम करायला जिम्प. नकाशांसाठी ओपनस्ट्रीटमॅप, २००४ पासून लोकांनीच रेखाटलेला. स्वामित्वहक्क संपलेल्या पुस्तकांसाठी प्रोजेक्ट गुटेनबर्ग. मायकेल हार्ट यांनी ४ जुलै १९७१ ला एक मजकूर टाइप करून तो सुरू केला, म्हणजे वेबच्याही कितीतरी आधी. आणि मराठी विकिपीडिया, जो १ मे २००३ ला सुरू झाला.

यादी दर काही महिन्यांनी उघडून बघा. साइटी बंद पडतात, विकल्या जातात, फुकटच्या सशुल्क होतात. मेलेली लिंक सापडली तर तिचा पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाका. पानाची जुनी प्रत बऱ्याचदा तिथे जपलेली असते. आवडलेलं पान स्वतःहून तिथे साठवताही येतं. व्हिडिओंसाठी यूट्यूबवर 'अनलिस्टेड' प्लेलिस्ट करा. लिंक असलेल्यांनाच ती दिसते आणि मित्रालाही तिच्यात भर घालू देता येते.

चुकीची लिंक गेली तर

लगेच सांगा, आणि लाजू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो आणि साधारण दोन दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी काढून टाकता येतो. पण नुसता काढू नका, खाली लिहा, "मगाचची लिंक उघडू नका, उघडली असेल तर मला कळवा." कुणी उघडून ठेवली असेल, तर काढून टाकलेला मेसेज त्याला काहीच सांगत नाही.

माझ्या मैत्रिणीच्या वेळी मी फोनवर बसून तिच्याकडून हे क्रमाने करून घेतलं. आधी तो प्रोग्रॅम, आणि त्याच तारखेला इन्स्टॉल झालेलं बाकी सगळं, काढून टाकलं. मग ब्राउझरच्या एक्स्टेंशनच्या, म्हणजे त्याला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमच्या, यादीतून अनोळखी नावं उडवली. सेटिंगमध्ये जाऊन शोधयंत्र आणि पहिलं पान पूर्ववत केलं, नोटिफिकेशनची परवानगी मिळालेल्या साइटी बंद केल्या, अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी केली, आणि दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून तिच्या ईमेलचा पासवर्ड बदलला. पाऊण तास गेला. मग त्याच कामासाठी पीडीएफसॅम बेसिक हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर मी आधी माझ्या संगणकावर घातलं, माझ्या चार पीडीएफ जोडून पाहिल्या, आणि मूळ पानाची लिंक तिला पाठवली. खाली लिहिलं: "फाइल तुझ्याच संगणकावर राहते, कुठे चढवली जात नाही. इन्स्टॉल करताना प्रत्येक खूण वाच, नको ती काढ. मी फोनवर आहे."